गाडीची आगोट

रत्नागिरीत गाडीची आगोट करणारा माणूस एकच. तो मी!

आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. लोक लाकडं भरतात, सुकी मासळी डब्यात बंद करतात, पडवीला प्लॅस्टिक बांधतात. मी हे सगळं करून वर गाडीचीही आगोट करतो. गाडी छोटी, पांढरी, वय सत्तावीस. बॅटरीला ग्रीस, दारांच्या फटींना मेण, हॉर्नला टोपी, पेट्रोलच्या टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिकची दुहेरी पिशवी ताणून वर झाकण करकचून. थेंबाची हिंमत नाही आत जायची! रविवारी संध्याकाळी काम संपलं तेव्हा गाडी मिठात घातलेल्या कैरीसारखी निश्चिंत दिसत होती.

सोमवारी सकाळी हौसाआत्या दारात. नवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत नारळ.

"आनंदा, माका, मला हेदवीला ने."

घाईत तिची जीभ अडखळते. पण आत्याला घाई झालेली मी आजवर पाहिली नव्हती. मी आणि नेत्रा, म्हणजे माझी बायको, दोघांनी कप खाली ठेवले. हेदवीला रघूकाका राहतो, आत्याचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला त्याने नवी होडी पुजली आणि आत्याला बोलावलं नाही. तेव्हापासून तिच्या तोंडी तो फक्त 'तो हेदवीवाला'. आज दुपारी दोनला त्याला हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नेणार होते.

"आत्या, फोन लावून देऊ?" नेत्राने विचारलं.

"फोनावर काय बोलू गो? तोंड दिसायला हवा."

"साडेबाराला पोचवतो," मी म्हणालो. "गाडी माझी आहे!"

(हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न करतोय.)

कि.मी. ११

गाडी खोकली. थांबली.

मी बॉनेट उघडलं आणि मयताला आल्यासारखा हात मागे बांधून उभा राहिलो. "प्लग," मी म्हणालो. तिन्ही प्लग काढले, नेत्राच्या ओढणीने पुसले (ती ओढणी नवी होती हे मला नंतर कळलं), परत बसवले. वीस मिनिटं गेली. चावी फिरवली. सुरू!

"ह्याला निदान म्हणतात," मी म्हणालो.

कि.मी. २१

खोकली. थांबली.

मेकॅनिक विनीतला फोन लावला. "कॉइल तापली असणार," तो म्हणाला. "ओला फडका ठेवा आणि वीस मिनिटं हात लावू नका." प्यायचं पाणी होतं ते कॉइलने प्यायलं. वीस मिनिटांनी सुरू!

"बघा," विनीत फोनवर म्हणाला. "गाडी न बघता दुरुस्त केली."

कि.मी. ३३

थांबली. खोकायचे कष्टही घेतले नाहीत.

"मला कळलंय काय बिघडलंय," नेत्रा म्हणाली. "तुमचं तोंड. वीस मिनिटं गप्प बसा."

"अगं, इंजिनाचा आणि..."

"एक मिनिट वाढलं."

मी एकवीस मिनिटं गप्प बसलो. चावी फिरवली.

सुरू.

"ह्यालाही निदानच म्हणतात," नेत्रा म्हणाली.

कि.मी. ४३

बारा चाळीस. जयगडची जेट्टी सहा-सात किलोमीटरवर. तिथून गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, खाडी ओलांडायची, मग हेदवी. पुढची बोट दीडला. ती चुकली की रघूकाका चुकला.

प्लग झाले होते. कॉइल झाली होती. मी गप्पच होतो.

आत्या उतरली. पिशवीतला नारळ काढून तिने बॉनेटवर ठेवला, पदर सावरला आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. वाटेने जाणारी एक मासळीवाली पाटी उतरवून उभी राहिली. चालू गाऱ्हाण्यातून कोणी पुढे निघून जात नाही.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकीची गाडी वाटेत आडली हाय!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं.

मग तिने गावचे देव घेतले, वाटेवरचे घेतले, खाडीचे घेतले. एकाचंही नाव गाळलं नाही. मी घड्याळ बघत होतो. एक वाजत आला होता.

"गाडीत काय खोट आसंल ती काढून टाक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि खोट गाडीत नसंल..." आत्या थांबली. "माझ्यात आसंल, तर ती पण काढ. रघून मला बोलवलान न्हाय. मी पण गेले न्हाय. तो आजारी हाय ह्या मला चार म्हयने ठाऊक व्हता. माझा राग मी हितं वाटेवर ठेवून जात्ये. माझ्या भावाचा तोंड तेवढा दाखव."

ह्या वेळी मासळीवाली एकटीच हळू म्हणाली, "व्हय म्हाराजा."

चावी फिरवली.

सुरू!

हेदवी (किलोमीटर बघायचं सुचलं नाही)

दोन वाजून दहा. दारात मोठी गाडी चालू उभी. काकाचा मुलगा अजिंक्य घामाघूम. नेत्राने बोटीतून त्याला फोन केला होता.

"हौसाआत्या निघालीय म्हटल्यावर अप्पा गाडीत बसेचनात!"

रघूकाका पायरीवर बसला होता. निम्मा उरला होता.

"उशीर केलंस," तो म्हणाला.

"गाडी आडली व्हती."

"अकरा वर्सं?"

आत्याने नारळ त्याच्या मांडीवर ठेवला. "होडीसाठी आणलाय."

"होडी इकली गो मी."

"मग बरा होऊन ये आणि नवी घे. मेल्या, ह्या वेळी बोलव."

त्याला गाडीत बसवेपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.

मी आपला परतीसाठी पेट्रोल बघायला गेलो. झाकण काढलं. पिशवी टाकीच्या तोंडात ओढली जाऊन ताठ बसली होती. टोक उचललं आणि...

हुश्श्श!

सत्तावीस वर्षांच्या गाडीने एवढा मोठा श्वास घेतला की मला माझीच लाज वाटली. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती वाट मीच बांधून टाकली होती! वीस मिनिटांत चोरट्यासारखी थोडी हवा शिरायची आणि गाडी दहा-बारा किलोमीटर जगायची. बोटीतही तिला तेवढी उसंत मिळाली होती. प्लग, कॉइल, माझं मौन, गाऱ्हाणं. काम वीस मिनिटांनी केलं होतं.

"काय झाला रे?" मागे आत्या. डोळे पुसलेले.

पिशवी खिशात गेली. "काही नाही आत्या. गाऱ्हाणं पावलं."

"पावणारच!"

रघूकाका बरा आहे. विनीत कॉइलची गोष्ट गिऱ्हाइकांना सांगतो. आणि नेत्रा गाडी काढण्याआधी मला न चुकता वीस मिनिटं गप्प बसवते. खरं सांगितलं तर आजच सुटेन. पण गाऱ्हाणं पावलं ह्या भरवशावर आत्याचा राग वाटेवर राहिलाय. तो परत आणायला तिला न्यायचं म्हटलं, तर गाडी माझीच लागणार!