नव्या नाकाचा पाव्हना

प्रसेनजित नवं नाक घेऊन अकोल्याहून जऊळक्याला परतला, तेव्हा त्याच्या वडिलांनीच त्याला दारात अडवलं.

"कोन पाह्यजे?"

"बाबा, मी. प्रसेनजित."

"प्रसेनजित हापिसात गेला," देवमन म्हणाले. "येईन आता गाडीनं. तुमी बसा. पानी आनतो."

बाबांनी प्रसेनजितला जन्मात कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

देवमन रेल्वेत गँगमन होते. निवृत्तीनंतर त्यांची आठवण झडत गेली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग घराचा रस्ता गेला, आणि हल्ली ते चंपाबाईंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, अधूनमधून 'मावशी' म्हणत. मुलगा तेवढा शाबूत राहिला होता. संध्याकाळी प्रसेनजित वाशिमहून आला की ते त्याच्या बसक्या नाकाच्या खळग्यात अंगठा टेकवत, "हे नाक माह्यं हाये" म्हणत आणि जेवायला बसत. त्याच्याशिवाय घास घेत नसत. तो अंगठा केवढं काम करतोय, हे घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि प्रसेनजितला नेमकं तेच नाक नको होतं. छत्तिशी आली तरी लग्न जमत नव्हतं. मानोऱ्याच्या रूपाचं स्थळ आलं आणि तिनं मेसेज केला, 'दुसरा फोटो आहे का?' प्रसेनजितनं त्याचा अर्थ नाक असा लावला.

अकोल्याच्या त्वचेच्या डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं, "कापाकापी नाही, टाके नाहीत. सुईनं जेल भरायचं, दांडी सरळ दिसते. वर्षभर टिकतं. नाहीच आवडलं, तर दुसऱ्या इंजेक्शननं विरघळवता येतं." चहा पिऊन यावं तसा तो नाक भरून आला.

"कायले केलं रे हे?" चंपाबाईंनी कपाळाला हात लावला.

"माय, नुसती सुई मारली."

"सुईनं मानूसच बदलते काय?"

त्या संध्याकाळी देवमन जेवले नाहीत. पोरगा आला नाही म्हणत चपला घालून ते स्टेशनवर निघाले. एकट्याला सोडणं शक्यच नव्हतं, म्हणून 'पाव्हना' मागोमाग गेला. गाडी आली. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे देवमन निरखून बघत राहिले. गाडी गेली आणि ते बाकावर बसून लहान मुलासारखे रडले.

असं रोज होऊ लागलं. शेवटी चंपाबाईंनी स्टेशनवर न्यायला भाकरी फडक्यात बांधून दिली. "मी पाव्हना. तुमी जेवल्याबिगर मी कसा जेवू?" असं प्रसेनजितनं म्हणून पाहिलं, तेव्हा कुठे देवमननी दोन घास खाल्ले. खाता खाता बोलू लागले. उन्हाळ्यात रूळ कसे फुगतात ते सांगितलं, लग्नात चंपाबाई कशा हसत होत्या ते सांगितलं. यातलं एक अक्षर प्रसेनजितनं कधी ऐकलं नव्हतं.

"तुमाले लेकरं हायेत?"

"नाही."

"माहा एक हाये. चांगला हाये, पन मोबाइलात घुसून राह्यते. संग बसत नाही."

प्रसेनजितनं हातातला मोबाइल खिशात टाकला.

त्याच सुमारास शेजारचे उकंडराव लेकीकडून परतले. त्यांना नाकाचं काहीच ठाऊक नव्हतं. देवमननी त्यांना गाठून सांगितलं, की पोरगा बेपत्ता आहे आणि एक परका माणूस त्याचे कपडे घालून त्याच्याच खाटेवर झोपतो. उकंडरावांनी त्यांना थेट पोलिसांत नेलं.

हवालदार घरी आला. एकदा ओळखपत्रावरच्या फोटोकडे, एकदा प्रसेनजितच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "याच्यातलं नाक कुठी हाये?"

"आत हाये साहेब. वरून जेल भरलं."

चंपाबाईंनी शपथेवर मुलगा आपलाच असल्याचं सांगितलं, तेव्हा हवालदार उठला. "नाक पह्यल्यासारखं करून घ्या. नाही तं बुढा रोज येईन, अन् एक दिवस मले तुमाले आत टाका लागीन."

रविवारी रूपा आपल्या वडिलांबरोबर आली. "हेच का चिरंजीव?" तिच्या वडिलांनी देवमनना विचारलं.

"नाही, हे पाव्हने," देवमन नम्रपणे म्हणाले. "माहा पोरगा हरवला. मेला का जिता, काई समजत नाही."

मग ते पाहुण्यांसमोरच रडायला लागले. चहा तसाच राहिला. निघताना रूपा हळूच प्रसेनजितला म्हणाली, "मी दुसरा फोटो मागितला, कारण पहिल्यात अंधार होता. चेहराच दिसत नव्हता."

दुसऱ्याच दिवशी प्रसेनजित अकोल्याला जाऊन जेल विरघळवून आला. सूज उतरल्यावर जीव मुठीत धरून बाबांपुढे बसला. देवमननी अंगठा टेकवला.

"हे नाक माह्यं हाये! कुठी मेला होता रे इतके दिवस?"

चंपाबाईंनी डोळे पुसले आणि घाईघाईनं ताटं वाढली. देवमन बसले नाहीत.

"पाव्हना कुठी हाये?"

"गेला तो, बाबा."

"जेवल्याबिगर? त्याले थांबोता आलं नाही तुले?"

"तुमी जेवा. मंग मी येतो ना ठेसनावर तुमच्यासंग."

"तू कायले? तू मोबाइल पाह्यत बसशीन. तो आयकत होता." देवमन दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. "तो आल्याबिगर मी जेवत नाही."

प्रसेनजितनं हाका मारल्या, पाया पडला, मोबाइल बंद करून दाखवला. वरणावर साय धरली. चंपाबाई बराच वेळ दोघांकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी मुलाला चुलीपाशी बोलावलं आणि आवाज खाली घेऊन विचारलं,

"बापू, ते सुई आजूक एक डाव मारता येते काय रे?"