सामूहिक ध्यानास बाधा

आमच्या गल्लीतल्या बुद्धविहारात रोज सकाळी साडेसहाला सामूहिक ध्यान होते आणि त्यास माणसे फार कमी येतात, ही बाब कार्यकारिणीच्या निदर्शनास आली. निदर्शनास येण्यास तेरा वर्षे लागली, कारण सकाळी कार्यकारिणीही येत नसे.

मी या कार्यकारिणीचा चिटणीस. माझे अक्षर बरे आहे, आणि नकार देण्याआधी मला इतका विचार करावा लागतो की तोवर निवड होऊन जाते. ग्रंथालयातल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीमुळे गप्प बसण्याची सवय लागली. लोक तिला साधना समजतात. हा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.

आमचा अध्यक्ष सम्राट. वय एकतीस. पुण्यातल्या कंपनीचे काम तो कोल्हापुरात घरी बसून करतो.

"आण्णा, माणसाला वेळ न्हाय, तर माणसाला दोष देऊन कसं चालंल?" तो बैठकीत मला म्हणाला. "धम्म काळाबरोबर चालायला पायजे. आपण सिस्टीम बदलू या."

त्याने एक ॲप तयार केले. ध्यानाला बसताना फोन मांडीवर ठेवायचा. फोन हलला नाही तर स्थैर्याचे पन्नास गुण, आसपास आवाज झाला नाही तर मौनाचे पन्नास. महिनाअखेर जिल्ह्यातल्या सहभागी विहारांची गुणवत्ता यादी. ही कल्पना मला तेव्हा चांगली वाटली. अजूनही ती पुरती वाईट वाटू लागलेली नाही, हे कबूल करतो.

पहिल्या आठवड्यात एकतीस माणसे आली. दुसऱ्या आठवड्यात पिराजी नावाचे आमचे एक सभासद ध्यान अर्धवट सोडून चहाला गेले आणि फोन सतरंजीवर विसरले. परत आले तेव्हा त्यांना शंभरपैकी शंभर गुण पडले होते. आदल्या दिवशी ते स्वतः बसले असताना बासष्ट पडले होते.

"मी उठून गेलो की माझं ध्यान झ्याक लागतंय," पिराजींनी सर्वांना सांगितले. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. आकडेही तेच सांगत होते.

महिनाभरात सगळ्यांनाच हा अनुभव आला. विहाराची किल्ली बनाबाईंकडे असे. वय सत्तरीच्या पुढे. विहार बांधताना त्यांनी डोक्यावरून वाळू वाहिली होती आणि तेव्हापासून रोज सकाळी त्या उत्तरेकडच्या भिंतीला पाठ टेकून बसत. फोन त्यांच्याकडे नव्हता. सभासद दारातच थांबून त्यांच्या हातात फोन देऊ लागले.

"बनाबाई, माझा तेवढा बसवा की."

"कुठं बसवू? पंख्याखाली?"

"चालतंय की. खाली फडकं घाला, घसरतोय त्यो."

फोन बसवून मंडळी मिसळ खायला जात आणि साडेसातला परत नेत. कार्यकारिणीने या पद्धतीस 'प्रातिनिधिक ध्यान' असे नाव देऊन मान्यता दिली. ठराव माझ्याच अक्षरात आहे. तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा फोन माझा असे. मिसळ मी बिनतिखट घेत असे, एवढेच स्वतःच्या बाजूने सांगता येईल.

जिल्ह्यात आमचा विहार दुसरा आला. पहिला का नाही, याची चौकशी झाली. नोंदींवरून असे आढळले की रोज सहा चाळीसला सभागृहात आवाज होतो आणि एकाच वेळी एकतीसही फोनचे मौनाचे गुण कापले जातात. बनाबाई त्या वेळी मोठ्याने त्रिसरण म्हणत. नंतर थोड्या खोकत.

"शिवाय ॲपवर त्यांची एका दिवसाचीबी हजेरी न्हाय," सम्राट म्हणाला. त्याला वाईट वाटत होते, हे मी पाहिले. "हजेरी नसलेलं माणूस ध्यानाच्या वेळेला आत कसं काय?"

पत्र लिहिण्याचे काम चिटणिसाचे. बनाबाईंना वाचता येत नसल्याने ते वाचून दाखवण्याचेही चिटणिसाचेच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फोनखाली फडकी घालत असताना मी वाचले, "सामूहिक ध्यानास बाधा येत असल्याने साडेसहा ते साडेसात या वेळेत सभागृहात कोणीही व्यक्ती असू नये. सहकार्य करावे, ही विनंती."

"कुणाच्या ध्यानाला बाधा?"

"फोनच्या."

"त्येला कळतंय व्हय?"

"मला नक्की सांगता येणार नाही."

त्यांनी भिंतीकडे पाहिले. "चाळीस वर्सं बसतोय हितं मी. आता कुठं बसू, आण्णा?"

पत्रात याचे उत्तर नव्हते. पत्राबाहेरचे बोलण्याची मला सवय नाही. मी पत्राची घडी केली.

बनाबाईंनी सगळे फोन बसवले, दाराला कुलूप लावले आणि त्या घरी गेल्या.

सात वाजून वीस मिनिटांनी पायरीवर एकतीस माणसे जमली. त्या दिवशी अनेकांना लवकर निघायचे होते आणि कुलूप पाहून एकच गोंधळ उडाला. कुणाला पगाराचा मेसेज येणार होता, कुणाची आठ वाजता मीटिंग होती, पिराजींना स्वतःच्या बायकोचा नंबर आठवत नव्हता.

"आण्णा, बनाबाईंना फोन लावा!" सम्राट ओरडला.

"त्यांच्याकडे फोन नाही. आपलेही आत आहेत."

"मग बोलवायचं कसं माणसाला?"

"हाक मारून," मी म्हणालो. "त्या शेजारच्याच घरात राहतात."

एकतिसांपैकी चौघांनाच हे ठाऊक होते. हाक मारल्यावर बनाबाई पदराला हात पुसत आल्या.

"किल्ली द्या, मावशी!"

"पत्रात लिवलंय न्हवं, साडेसातपातुर आत माणूस नको म्हणून? अजून वाईच येळ हाय. बसा की गप तवर."

दुसरा इलाज नव्हता. मंडळी पायऱ्यांवर बसली. बनाबाईंनी त्रिसरण म्हटले, हळूहळू आम्हीही म्हटले. पिराजींनी डोळे मिटले. मला वाटते, मीही मिटले होते. साडेसातला कुलूप उघडले आणि सगळे चपलांसकट आत धावले.

बंद दारातून बाहेरचा काहीच आवाज आत पोचला नव्हता. त्या दिवशी आमच्या विहाराला शंभर टक्के गुण मिळाले.

कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. यशाचे कारण स्पष्ट होते. ध्यानाच्या वेळेत विहार यापुढे कायम कुलूपबंद ठेवावा, किल्ली अध्यक्षांकडे राहावी आणि उत्तरेकडच्या भिंतीला चार्जिंगचा बोर्ड बसवावा, असा ठराव मांडण्यात आला. बनाबाईंना पायरीवर बसण्याची मुभा देण्यात आली. आवाज आत जाणार नाही, या अटीवर.

"कुणाचा विरोध?" सम्राटने विचारले.

मी मान खाली घातली. खरे तर सगळ्यांच्याच माना खाली होत्या, प्रत्येक जण हातातल्या फोनवर आपले गुण पाहत होता. ठराव एकमताने संमत झाला.

तुम्ही तिथे असता तर नक्की हात वर केला असता, याबद्दल मला शंका नाही. फक्त त्या क्षणी तो मोकळा असायला हवा होता.