एक दोरा जाडी

"दोऱ्यातलं माझ्याएवढं कळणारा माणूस अख्ख्या सुरतेत दाखवा, मिशी उतरवून देतो!" असं योगराज मास्टर म्हणायचा. आणि खोटं म्हणायचा नाही. नवागामच्या लूम कारखान्यात तो डोळे मिटून सूत चिमटीत धरायचा आणि ते किती बारीक आहे ते सांगून मोकळा व्हायचा. मिशीचं म्हणाल तर ती गेली असती तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं!

अशा माणसाच्या डोक्यात गिटार शिरली. कारण मालकाचा मुलगा! ते पोरगं गळ्यात गिटार अडकवून कारखान्यात यायचं आणि मांजराची शेपूट दारात सापडल्यासारखे आवाज काढायचं. मालक म्हणायचे, "कला आहे!" त्यानं काढला तर कला, आणि कामगारानं साधी शीळ घातली तर कामचोर! योगराजचं टाळकं सटकलं. विकत कशाला? मी बनवून दाखवतो!

बनवायची कुठे? खोली एक. त्यात खिडकीजवळचा कोपरा त्यानं बळकावला. गिटारीची पाठ झाली, कडा झाल्या, मानही झाली. भुसा मात्र रोज डाळीत! गायत्रीला तोच कोपरा हवा होता. तिचं शिलाई मशीन जागेअभावी भेस्तानला आईकडे धूळ खात पडलं होतं. साड्यांना लेस लावायचं काम दारात चालून येत होतं आणि ती ते परत पाठवत होती.

"ऐका," ती एकदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "रविवारी आई येतेय. तिच्यासमोर तुमचं हे खोकं वाजलं तर कोपरा तुमचा. नाही वाजलं तर माझं मशीन तिथं. बोला!"

"वाजणारच! अख्खी गल्ली ऐकेल!"

आता राहिली होती फक्त तोंडाची फळी. सगळा आवाज तिच्यात. जाड ठेवली तर गिटार मुकी, पातळ केली तर तारा तिला फाडून काढणार. म्हणून तो हार्मोनियमच्या पेट्या बनवणाऱ्या ठाकोरभाई मिस्त्रींकडे गेला. त्यांनी आपला रंधा दिला आणि तोंडातला मावा सांभाळत सांगितलं, "एक दोरो राखजो. बस!"

कोणता दोरा, हे योगराजनं विचारायला हवं होतं की नाही? पण विचारणार कोण? दोऱ्यातला बादशहा? मिस्त्रीला? छे!

घरी येऊन त्यानं विचार केला. साडीचा दोरा? नको, फळी उडून जाईल. माणूस हौशी होता, वेडा नव्हता! म्हणून त्यानं मोठ्या मनानं गोधडी शिवायचा दोरा निवडला, समोर ठेवला आणि रंधा चालवायला घेतला. रंध्यानंतर काचकागद. फळीचा पुठ्ठा झाला, पुठ्ठ्याचा पापड झाला. आतल्या आधाराच्या पट्ट्याही त्याच मापानं! उजेडात धरली तर पलीकडची गायत्री दिसायला लागली. हसताना!

रविवारी सासूबाई, प्रमिलाबाई, रिक्षातून उतरल्या. सोबत शिलाई मशीन! जावयावर केवढा तो विश्वास! रंधा परत न्यायला ठाकोरभाईही टपकले. गायत्रीनं सगळ्यांना चहा दिला आणि योगराज तारा आवळायला बसला.

पहिली तार. फळी किंचित दबली. तिसरी तार. तारांखालच्या घोडीमागे फळी भाकरीसारखी फुगली.

"जवाईबुवा, यामा हवा भरेल शे का?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"आई, असंच असतं. तिला श्वास लागतो."

पाचवी तार. फळीतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला. ठाकोरभाईंचा कप हवेतच थांबला. "योगराजभाई, आ जाडी केटली राखी?"

"तुम्ही सांगितली तेवढीच! एक दोरा!"

आणि त्यानं सहावी आवळली.

धडाऽम! फळी मधोमध फाटली, घोडी उडाली ती थेट प्रमिलाबाईंच्या चहात! "स्टो फुटला! स्टो फुटला!" करत गल्ली धावली. कुणीतरी बादलीभर पाणी आणलं आणि वाया कशाला घालवायचं म्हणून योगराजवर ओतलं.

"अरे भाई, मिस्त्रीनो दोरो!" ठाकोरभाई ओरडले. "इंचनो आठमो भाग! तमे कयो दोरो लीधो?"

"गोधडीचा," योगराज म्हणाला. नाकावरून पाणी ठिबकत होतं.

ठाकोरभाईंनी हात पुढे केला. मग म्हणाले, "मारो रंधो पाछो आपो."

आपले मराठी सुतार याच मापाला सूत म्हणतात. म्हणजे आपल्या माणसाला विचारलं असतं तरी या बादशहानं मातीच खाल्ली असती!

गल्ली हसून हसून पांगली. प्रमिलाबाई चहातून घोडी काढून पदराला पुसत होत्या. योगराजनं शेवटचा प्रयत्न केला.

"अट काय होती? आईंसमोर वाजली पाहिजे. वाजली की नाही? अख्ख्या गल्लीनं ऐकली!"

"ऐकली हो," गायत्री म्हणाली. तिनं मशीनची एक बाजू उचललीही होती. "आता तिकडून धरा."

योगराजनं धरलं.