सी की लुक

पेणचे पाहुणे ओसरी चढले, तेव्हा ईरा आत पोह्यांवर ओलं खोबरं पेरत होती. वडिलांकडून तिनं सकाळीच वचन घेतलं होतं, आज कुणाचंही इंग्रजी सुधारायचं नाही. शरदराव रोह्यात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. चौऱ्याण्णव सालच्या या उन्हाळ्यात आधी आलेली दोन्ही स्थळं त्यांनी चुका काढून परतवली होती. एक नवरामुलगा तर अर्धा चहा टाकून गेला. हा विराज मात्र लग्नानंतर ईराला बी.एड. करू द्यायला तयार होता. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं.

"वी हॅव कम टू लुक द गर्ल," विराजचे काका पुंडलिकराव खुर्चीत टेकत म्हणाले.

ईराचा हात थांबला. बाहेर शरदरावांनी खोकून पाहिलं, पाणी पिऊन पाहिलं. जमलं नाही.

"सी द गर्ल," ते म्हणाले.

"का? लुकनं काय घोडं मारलंय?"

"आपोआप दिसतं ते सी. मुद्दाम नजर टाकली की लुक."

"मग बरोबरच बोललो की! पेणहून एसटीनं मुद्दामच आलोय. वडखळला गाडी बंद पडली तरी आलोय. आपोआप दिसायला पोरगी काय नाक्यावर उभी व्हती?"

"मुलगी बघायला जाणं म्हणजे सी. त्यात भेटणं आलं. शिवाय लुकच्या पुढे ॲट लागतो."

"मास्तर, मीपण पेणला उभी हयात इंग्रजीच शिकवलंय!"

ईराच्या आईनं, वृंदाताईंनी, कपाळाला हात लावला. "पोहे ने गो बाहेर. नायतर उठतील ते."

ईरा पोह्यांचा ट्रे घेऊन, खाली मान घालून बाहेर आली. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पुंडलिकरावांनी पिशवी उचलली होती.

"चल विराज. लग्नाआधीच परीक्षा घेतायत, नंतर निकाल लावतील आपला."

"खुशाल जा. चूक ती चूकच."



"थांबा काका," विराज म्हणाला. "या आल्या तेव्हा मला नुसत्या दिसल्या. मग तुमचं भांडण लांबलं, म्हणून नीट बघून घेतलं. माझा होकार आहे."



"म्हणजे आधी सी, मग लुक," शरदराव पुटपुटले.

"ॲट," पुंडलिकरावांनी स्वतःच जोडलं आणि पिशवी खाली ठेवली.

"ठरलं तर मग!" वृंदाताई साखर आणायला वळल्या.

"आई, थांब." ईरानं ट्रे टेबलावर ठेवला. "माझी मान इतका वेळ खालीच होती. मी कुठे बघितलंय अजून?"

ती समोरच्या खुर्चीत बसली आणि विराजला पायांपासून केसांपर्यंत सावकाश न्याहाळू लागली. विराजनं कॉलर नीट केली, मग मान खाली घातली.

"जरा दारापर्यंत चालून दाखवता?"

विराज निमूट उठला. तिसऱ्याच पावलाला सतरंजीत अडखळला.

"भात येतो त्याला," पुंडलिकराव घाईघाईनं म्हणाले. "वरणपण शिकेल."