गैरहजर डिस्क

सुभेदार आबा रोज सकाळी हार्डडिस्कची हजेरी घेतात, तीही उभं राहून. फौजेच्या सिग्नल तुकडीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कोरेगावात लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ टाकला. सगळी लग्नं एका लिनक्स मशीनमध्ये, पाच डिस्कवर. मी जतकडची, आठवीतून शाळा सुटलेली. असल्या मशीनला हात लावायला मला आबांनी शिकवलं. उपकार मोठे, म्हणून धाकही मोठा.

पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "आबा, ती एसडीबी नावाची डिस्क भरली."

"कोन एसडीबी?" आबा खवळले. "मशीन उठताना आज ती दुसरी घावली, म्हनून बी. उद्या पयली घावली तर ए हुईल. रांगेतल्या जागेला नाव म्हनत्यात व्हय गं? तिचा नंबर बघ. मशीन उठताना जी फाईल वाचतंय, तिच्यात नंबरच लिवलाय. त्यो बदलत न्हाई."

मला लगेच पटलं. आमच्या घरी मेंढरं. वाघरीत, म्हणजे जाळीच्या वाड्यात, कितवं शिरलं यावरून मेंढरू कोण ओळखतं? मशीन चालू होताना काळ्या पडद्यावर ओळी सरकायला लागल्या की मला धुरळ्यातून परतणारा कळपच दिसायचा. तेवढ्या वेळात मी जतला जाऊन यायची.

आबांचं आपलं चालूच, "हाजिर... हाजिर..." पाच झाल्या की मशीन अडायचं. फायलीत सहावा नंबर होता, पण ती डिस्क काही सापडायची नाही. दीड मिनिट वाट बघून मशीन हात टेकायचं. आबा हळूच "गैरहाजिर" म्हणायचे, बटण दाबायचे, मग काम पुढं. रोजचंच. मला वाटायचं, म्हातारपण, ती जुनी ओळ पुसायची राहून गेली असेल.

एका सकाळी आबा दूध आणायला गेले होते. मी फाईल उघडली आणि ती ओळ पुसून टाकली. मशीन बंद करून चालू केलं, तर कुठंच न अडखळता थेट उभं! दारात आबा.

"आज थांबलं न्हाई?"

"मी नीट केलं, आबा. ती डिस्क न्हाईच की हितं."

आबा पिशवीसकट खुर्चीत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. जतची गाडी किती वाजता सुटते, इथवर मन धावलं.

"हे मशीन माझ्या पोरानं बांधलंय," आबा म्हणाले. "हैदराबादला जाताना एक डिस्क काढून घिऊन गेला. घरातलं समदं फोटू हायत तिच्यात. आलो की परत लावतो, म्हनला हुता."

"कवा येनार हाईत?"

"आल्यावर मशीननं वळकाय नगं व्हय तिला?"

मला रडूच फुटलं. "आवं आबा, मी त्यो नंबर कुटं उतरून बी ठेवला न्हाई."

"गप. लिव."

आबा नंबर तोंडपाठ सांगत गेले. एकेक आकडा, एकेक अक्षर सुटं, वायरलेसवर सांगावं तसं. झरोक्यातून उन्हाची तिरीप आली होती, तिच्यात धूळ तरंगत होती, पंखा घरघरत होता. बत्तीसच्या बत्तीस अक्षरं मी टाईप केली.

"करू चालू?"

"आदी वाचून दाव."

मी वाचला. आबा डोळे मिटून ऐकत होते. एकही अक्षर चुकलं नव्हतं.

"आजून एकदा वाच," ते म्हणाले.