दुसरा जिना

नोटीस मंगळवारी आली आणि लीलाधरनानांनी ती तीन वेळा वाचली. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, दुसऱ्यांदा चष्मा लावून आणि तिसऱ्यांदा मोठ्याने, कारण आतून कमलबाईंनी "काय आहे ते?" असं विचारलं होतं. त्यातून एवढंच कळलं, की पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घराच्या पहिल्या मजल्यावर चालणारी अभ्यासिका कोणत्या 'वापर-गटात' मोडते ते ठरवायला गुरुवारी अकरा वाजता अग्निशमन विभागाचे अधिकारी येणार होते. त्या गटाच्या अटी पूर्ण नसतील, तर मजल्याला सील लागणार होतं.

अभ्यासिकेत बेचाळीस खुर्च्या होत्या आणि बेचाळीस मुलं-मुली. त्यांच्या भरती परीक्षेला बारा दिवस उरले होते. बातमी खुर्च्यांवरून फिरत मिसबाहपर्यंत पोचली. मिसबाह मागच्या गल्लीतल्या सुताराची मुलगी. घरी दोन खोल्यांत सात माणसं, म्हणून ती सकाळी सहाला यायची आणि दिवेलागणीला जायची. ती वरच्या मजल्यावर नानांच्या घरी आली.

"नाना, कुलूप नाही ना लागणार?"

"मी आहे ना," नाना म्हणाले.

नानांनी एसटीच्या स्थानकात चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. खिडकीतून प्रवाशांना "येईल, येईल" सांगायचे, त्याच सुरात हे वाक्य बाहेर पडलं. मिसबाहला तो सूर ओळखीचा नव्हता, म्हणून ती निश्चिंत होऊन खाली गेली.

नानांनी अतिकभाईंना बोलावलं. अतिकभाई आगीची नळकांडी बसवायचे, नकाशे काढायचे आणि अर्ज भरायचे. पंधरा वर्षं एकच गोष्ट लोकांना समजावून सांगितल्यामुळे आता ते डोळे मिटूनही सांगू शकत, आणि बऱ्याचदा मिटूनच सांगत.

"नाना, सोपं आहे. घर म्हणजे निवासी. शाळा, शिकवणी, अभ्यासिका म्हणजे शैक्षणिक. पन्नासच्या वर माणसं जमली तर सभागृह. माल बनवला तर उद्योग, माल ठेवला तर साठवण. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या."

"आपल्या घराला काय लागतं?"

"एवढ्याशा घराला फारसं काही नाही. पण अभ्यासिकेला दुसरा जिना लागेल. एका जिन्यात धूर भरला, तर पोरांनी उतरायचं कुठून?"

"दुसरा जिना नाही आपल्याकडे."

"नीट आठवा."

"अतिकभाई, घर माझं आहे."

अतिकभाईंनी नकाशावर 'जिने : एक' असं लिहिलं. "मग बाहेरून लोखंडी बसवावा लागेल. महिना जाईल."

"बोर्डावर 'निवास' असं लिहिलं तर?"

"नाना, साहेब नाव बघत नाहीत, वापर बघतात. त्या जागेत काय चाललंय, तोच तिचा गट."

अतिकभाईंनी हे वाक्य इशारा म्हणून उच्चारलं होतं. नानांनी ते उपाय म्हणून ऐकलं.

गुरुवारी मुलांना एक दिवसाची सुट्टी मिळाली. बेचाळीस खुर्च्या गच्चीवर गेल्या. हॉलमध्ये एक पलंग, एक टीव्ही आणि देवाची तसबीर आली. 'ज्ञानज्योत अभ्यासिका' या बोर्डावर चादर वाळत पडली. साडेनऊला नाना दाढी करायला बाहेर गेले, तेव्हा पहिला मजला इतका निवासी दिसत होता, की त्यांना स्वतःलाच तिथे राहावंसं वाटलं.

पण रिकामा हॉल कमलबाईंनीही बघितला होता. मार्च महिना होता. कॉलनीत पापडांच्या पाळ्या लागल्या होत्या. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, प्रत्येकीने आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. कमलबाईंची पाळी गुरुवारचीच होती. चार वर्षं त्यांनी अभ्यासिकेला दिलेल्या त्या हॉलकडे बघत वरच्या अरुंद खोल्यांत पापड लाटले होते. आज हॉल मोकळा होता आणि नवऱ्याचीच इच्छा होती, की तिथे घरगुती काहीतरी चाललेलं दिसावं.

नाना दाढी करून आले, तेव्हा दारात अग्निशमनचे सोनवणे साहेब उभे होते. हातात टेप आणि फॉर्म. सकाळपासून त्यांनी चार इमारती पाहिल्या होत्या आणि चारही ठिकाणी त्यांना 'इथे आम्ही राहतो' असं सांगण्यात आलं होतं. त्यातली एक टायरची वखार होती.

"पहिल्या मजल्याचा वापर?"

"निवासी," नाना म्हणाले. "मी राहतो तिथे."

साहेबांनी पहिल्या ओळीत 'निवासी' असं लिहिलं आणि दोघे वर गेले.

हॉलमध्ये सव्वीस बायका होत्या. पंखे बंद, खिडक्या बंद. पलंगावर, टीव्हीवर आणि जमिनीवर पसरलेल्या सहा लुगड्यांवर पापडच पापड. पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी दारातच बूट काढले.

"किती जण राहता इथे?"

"दोघं."

"मग या?"

"घरच्याच आहेत."

कोपऱ्यातून बेबाबाईंनी मान वर केली. त्या कमलबाईंच्या धुळ्याकडच्या मावसबहीण, खास पापडांसाठी आलेल्या. "या ना भाऊ, बठा. बठ्ठं शे आठे. तेवीस किलोनं पीठ शे आज. सुरत, मुंबई, पुणा, बठ्ठीकडे जास आमना पापड."

जाणारे पापड लेकींच्या सासरी जात होते, हे बेबाबाईंनी सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं. साहेबांनी 'निवासी'वर रेघ मारली आणि 'उद्योग' लिहिलं.

"साहेब, उद्योग कसला?" नाना घाईने म्हणाले. "हा आपला घरगुती कार्यक्रम. बायका जमतात, बोलतात, जातात."

"किती जमतात?"

"सकायपासून पन्नास-साठ तरी यी गयात," बेबाबाई अभिमानाने म्हणाल्या. "कमलनं घर शे, गर्दी व्हवावच."

साहेबांनी 'उद्योग'वर रेघ मारली आणि 'सभागृह' लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता ना आश्चर्य. फॉर्मवरची जागा कमी पडतेय, एवढीच काळजी दिसत होती.

"गच्ची बघू."

गच्चीवर हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्यांसाठी, वांगी भाजायला आणलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग होता. त्याला टेकून बेचाळीस खुर्च्या रचलेल्या होत्या.

"जळाऊ साठवण," साहेब स्वतःशी म्हणाले आणि 'सभागृह'वर रेघ मारून त्यांनी तेही लिहिलं. मग त्यांनी एक खुर्ची ओढली. पाठीवर चिठ्ठी चिकटवली होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "'ही जागा मिसबाहची आहे. उठवलं जाईल.'" दुसरी खुर्ची. "'ललित, चाळीसगाव. गाडी लेट असली तरी जागा माझीच.'" त्यांनी खुर्ची खाली ठेवली. "नाना, मी सकाळपासून फिरतोय. तुमच्या घराचे एका तासात चार गट झाले. आता खरं सांगता, की मी पाचवा शोधू?"

नाना गच्चीच्या कठड्यावर बसले. "अभ्यासिका आहे साहेब. बारा-तेरा तास बसतात पोरं. परीक्षा दहा दिवसांवर आली. दुसरा जिना नाही आपल्याकडे, म्हणून हे सगळं."

"शैक्षणिक," चौथी रेघ मारून साहेबांनी लिहिलं. "हे आधी सांगितलं असतं तर माझी चार रेघा मारायची मेहनत वाचली असती. पण दुसरा जिना नसेल तर मला सील लावावंच लागेल. एका जिन्यावर बेचाळीस पोरं मी सोडू शकत नाही. तुम्हीही सोडू नका."

दोघे खाली आले. साहेबांनी पिशवीतून सीलची पट्टी काढली, तेव्हा कमलबाईंनी लाटणं थांबवलं.

"ते काय आहे?"

"दुसरा जिना नाही, म्हणून सील," नाना म्हणाले.

"नाही कसा? आहे की."

"कुठे आहे?"

"कोठीच्या खोलीत."

"अगं, ती कोठी आहे."

"कोठी आता झाली. आधी जिनाच होता. भाडेकरूंसाठी म्हणून तुम्हीच बांधून घेतला. भाडेकरू आले नाहीत, म्हणून मी धान्य ठेवलं."

कमलबाईंनी हॉलच्या मागचा दरवाजा उघडला. आत बावीस वर्षांचा संसार पायरी-पायरीने खाली उतरत गेला होता. वरच्या पायऱ्यांवर गव्हाच्या आणि ज्वारीच्या पत्र्याच्या कोठ्या, मग तांब्याचे हंडे, मग गाद्या, मग मुलीच्या लग्नात आलेले आणि खोक्याबाहेर न पडलेले सहा डिनर सेट. पायऱ्या दिसत नव्हत्या, पण उतार दिसत होता.

संध्याकाळी अतिकभाईंना हे कळलं, तेव्हा त्यांनी नकाशावरचं 'जिने : एक' खोडून 'दोन' केलं. "नाना, मी तुम्हाला विचारलं होतं, नीट आठवा."

"तुम्ही जिना विचारला होता. ही कोठी होती. तुम्हीच म्हणालात, नाव नाही, वापर बघायचा."

अतिकभाईंनी पंधरा वर्षांत पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून कपाळाला हात लावला.

सोनवणे साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली होती. जिना पूर्ण मोकळा, खालचं दार बाहेर उघडणारं, दोन नळकांडी. अतिकभाईंनी दार आणि नळकांडी एका दिवसात बसवली. मिसबाहच्या वडिलांनी बिजागऱ्या फिरवून दिल्या. जिना मुलांनीच रिकामा केला. एका बाजूला लाटलेले पापड, दुसऱ्या बाजूला कोठ्या, मध्ये कमलबाई, "पापडावर पाय पडला तर परीक्षेत नापास व्हाल" असं सांगत उभ्या.

सोमवारी दुपारी साहेब थेट मागच्या बाजूने आले. दार ओढलं, ते बाहेर उघडलं. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि वर पाहिलं.

जिन्यावर वीस मुलं बसली होती. एका पायरीवर एक. मधल्या चौकात मिसबाह, मांडीवर भूगोल.

"हे काय?"

"इथे थंड आहे सर," मिसबाह म्हणाली. "आणि आत जागा नाही."

आत खरंच जागा नव्हती. जिन्यातल्या कोठ्या, हंडे, गाद्या आणि डिनर सेट हॉलमध्ये आले होते. गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत होते, वर घरात पापड. बेचाळीसपैकी बावीसच खुर्च्या आत मावल्या होत्या.

साहेब शेवटच्या पायरीवर बसले. तीच एक मोकळी होती. "नाना, जिना मोकळा म्हणजे मोकळा. कोठी चालत नाही, पोरंही चालत नाहीत. पाच वाजता परत येतो. पोरं हॉलमध्ये आणि कोठ्या हॉलबाहेर. नाहीतर पट्टी माझ्या पिशवीतच आहे."

ते गेले. वीस चेहरे नानांकडे वळले. मिसबाहने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"मी आहे ना," नाना म्हणाले, आणि या वेळी त्यांना स्वतःलाच सूर वेगळा वाटला. ते वर गेले. "कमल, कोठ्या माझ्या खोलीत घे."

"तुमच्या खोलीत? आणि तुम्ही?"

"आधी कोठ्या घे."

मुलांनी साखळी केली. गहू गेला, ज्वारी गेली, हंडे गेले. डिनर सेट नानांच्या पुस्तकांच्या फळीवर बसले. गाद्यांचा थर छतापर्यंत पोचला, तेव्हा खोलीत जागा मागणारी एकच वस्तू उरली. ती बाहेर काढावी लागली.

"जिन्यात नाही!" अतिकभाई खालून ओरडले.

पाच वाजता साहेब आले. बेचाळीस खुर्च्या मोजल्या. मागचा जिना उतरून पाहिला, पुन्हा चढून पाहिला. खोलीभर पानं उलटल्याचा आवाज होता. त्यांनी फॉर्मवर सही केली, शिक्का मारला आणि निघताना कपाटामागच्या कोपऱ्यात त्यांची नजर गेली. तिथे पलंग होता. त्यावर उशी, घडी केलेली गोधडी, चष्म्याची डबी आणि दाढीचं सामान.

"हे कोणाचं?"

"माझं."

"तुम्ही इथे राहता?"

नानांनी साहेबांच्या हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. वरून पहिली ओळ, तिच्यावरची रेघ अजून स्पष्ट दिसत होती.

"गुरुवारी तुम्हाला तेच सांगत होतो," नाना म्हणाले आणि उशी सरळ केली.