तीनशे नावांचा मावेजा

"दादा, चाळीस मेंढरांची ऐंशी न्हाई केली तर बापाचं नाव लावणार न्हाई," घाटनांदूरच्या परमेश्वरनं बापाला छातीठोक सांगितलं.

बेत साधा होता. हायवे जाणार अशी कुणकुण लागली की शहाणा माणूस आधीच तिथं जागा घेतो आणि सरकारकडून जमिनीचा मावेजा उचलतो. तशीच इंटरनेटवर वेबसाइटची नावं विकत घ्यायची. बुटाच्या, मोबाइलच्या, मोटारीच्या जगप्रसिद्ध कंपनीच्या नावाला नुसतं 'बीड' जोडायचं. नावं, रिकामी नावं ठेवून घेणाऱ्या 'पार्किंग'वाल्या साइटवर लावली की ती साइट तिथं जाहिराती दाखवून पैसे देणार, आणि एक दिवस कंपनी आपलं नाव सोडवायला मावेजा घेऊन दारात उभी राहणार.

बाप सुंदरराव जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस, पण मावेजा म्हटल्यावर तोही विरघळला. धारूरच्या बाजारात सगळा कळप विकला. त्यातून तीनशे नावं आली, त्यात एक हौसेनं बापाच्या नावाचं. मेंढरांचं वाडगं लेंड्यांसकट रिकामं झालं.

पंधराव्या दिवशी मोबाइलवर दोन इंग्रजी पत्रं आली.

"दादा, नोटीस आली!"

नोटीस आली म्हणजे मावेजा आला, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक. इंग्रजी वाचायच्या भानगडीत कोण पडतो? गावात पेढे वाटले. सुंदरराव आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून, नवी टोपी घालून बसला.

शनिवारी अंबाजोगाईच्या कॉलेजातून बहीण ऋतुजा आली. तिनं पत्रं वाचली आणि हातातला पेढा खाली ठेवला.

"भाऊ, पार्किंगवाल्यांनी तुझी नावं बंद केलीत. मोठ्या कंपनीचा ट्रेडमार्क असलेलं नाव ते ठिवूनच घेत न्हाईत. दुसरं पत्र बुटाच्या कंपनीच्या वकिलाचं हाय. आमची नावं फुकट सोडा, न्हाईतर केस."

"आन् मावेजा?"

"कशाचा मावेजा? नाव त्यांचंच हाय."

परमेश्वरनं मोबाइल तिच्या हातातून घेतला. "तीनशेतलं एक बी चालू न्हाई?"

"एक हाय. दादांच्या नावाचं. त्याला कुणाची हरकत न्हाई."

सुंदररावनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंजी आपुन अतिक्रमण केलं म्हण की."

परमेश्वरला वाटलं, बापानं दोन शिव्या तरी हासडाव्यात.

"पन्नास वर्सं मेंढरं राखली लेका," सुंदरराव म्हणाला, "दुसऱ्याच्या रानात एक बी शिरू दिलं न्हाई. आन् सगळी इकून मीच शिरलो."